पान चौदानंतरची ठकू

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कुंदा आली! चौथा भाग!

हरिओम सरांनी पिशवीतून पुस्तक काढलं तेव्हा अख्खी नववी बाकांवर चढली. सर ओरडले, पण हसत ओरडले. वाचनपेटीची किल्ली माझ्याकडं असते, म्हणून पहिला नंबर माझा. सिद्धोधन म्हणाला, हा अन्याय आहे. असू दे.

कुंदा घोळवे माहीत नाही असं आमच्या चारठाण्यात एक पोरगं सापडायचं नाही. पहिल्या भागात तिनं देवळाच्या भोंग्यावरून चुकून "उद्या टँकर येणार" असं सांगितलं आणि सगळं गाव घागरी घेऊन उन्हात उभं राहिलं, तो घोळ तर माझ्या आईनंही वाचलाय. आणि कुंदाची मैत्रीण ठकू! ठकूला काही विचारलं की ती आधी "मला काय माहीत" म्हणते आणि मग सगळंच सांगून टाकते. शर्यतीत ती भावाच्या चपला उलट्या घालून पळाली आणि पहिली आली, कारण बाकीच्या पोरी हसून हसून खाली बसल्या. ते पान मला पाठ आहे.

हे लिहिणारे सुग्रीव वझरकर सर जिंतूरला राहतात. येलदरीच्या वीजकेंद्रात नोकरी करत करत त्यांनी हे सगळं लिहिलं. माझ्या मते त्यांच्यासारखा लेखक दुसरा नाही. आणि पंधरा ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, ते आमच्या शाळेत येणार आहेत! मला जेवण गेलं नाही.

नव्या भागाचं नाव आहे "कुंदा आता मोठी झाली".

१४ सप्टेंबर, रविवार

वाचून झालं. छान आहे.

घाईत वाचलं असेल. परत वाचते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सिद्धोधननं पुस्तक परत दिलं. त्याची एक पद्धत आहे. हसू आलं की तो पानाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक टिंब करतो. तिसऱ्या भागात त्याची एकशे बारा टिंबं आहेत. या वेळी दोन.

"त्यातलं बी एक छपाईचं हाय," तो म्हणाला. "कुंदाचा सत्कार केला लिहायचं सोडून शिकार केला छापलंय."

प्रीतम तर म्हणाला, "ही कुंदा न्हाई. ही कुंदाची बाई हाय. झाडं लावायली, भाषणं करायली, पहिला नंबर काढायली. मजा कुठं हाय?"

मी म्हणाले की माणूस मोठं झालं की तसंच होतं, सरांनी विचार करूनच लिहिलं असणार. सिद्धोधननं विचारलं, "तू किती वेळा हसलीस?"

मी म्हणाले, मी मोजत नसते.

उद्या बबिताचा नंबर. बबिता माझ्या बाकावर बसते. दिवाळी झाली की ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाते आणि पाडव्याच्या पुढं मागं परत येते. तरीही मराठीत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडतात. मला त्याचा राग येत नाही. (येतो.) मागच्या वर्षी सरांनी तिला कुंदाचा तिसरा भाग सोबत नेऊ दिला होता. ती म्हणते, तिकडं ती मोठ्यानं वाचायची आणि आजूबाजूच्या सगळ्या कोप्यांतली माणसं ऐकायला यायची. कोपी म्हणजे तिथलं पाचटाचं, उसाच्या वाळल्या पाल्याचं, खोपट.

२० सप्टेंबर, शनिवार

बबितानं मधल्या सुट्टीत पुस्तक माझ्यासमोर ठेवलं आणि पान चौदा उघडलं. तिथं एक ओळ आहे. "ठकूचे आईवडील ऊसतोडीला गेले. ठकूही गेली."

"पुढं?" ती म्हणाली.

"पुढं काय?"

"परत कवा आली?"

मी पानं उलटली. शेवटापर्यंत उलटली. एकशे साठ पानांत ठकू परत येतच नाही. मी दोनदा वाचलं आणि मला ते कळलंही नव्हतं, हे इथं लिहून ठेवते.

"पण गोष्ट कुंदाची आहे ना," मी म्हणाले.

"हौ," ती म्हणाली आणि उठून गेली. डबाही माझ्यासोबत खाल्ला नाही. एवढ्याशा गोष्टीला चिडायचं काय होतं?

९ ऑक्टोबर, गुरुवार

सरांनी सगळ्यांकडून पुस्तकाचे अभिप्राय लिहून घेतले. त्यातले पाच निवडून कार्यक्रमात मी वाचायचे. अडतीस कागद घरी आणले आणि जीव घाबरा झाला. "झोप चांगली लागली." "कुंदाला पूर्वीसारखं वाया जाऊ द्या." एकानं तर "पुस्तकाचा कागद चांगला आहे" एवढंच लिहिलंय.

इतका मोठा माणूस आपल्या शाळेत येणार आणि आपण हे ऐकवायचं? तीन कागद चांगले सापडले (एक माझाच). चौथा सिद्धोधनचा घेतला. त्यानं लिहिलं होतं, "मी दोनदाच हसलो." मी "दोनदाच" काढलं आणि "हसलो" ठेवलं. हे खोटं नाही. पाचवा थोडा मी लिहिला.

बबिताच्या कागदावर एकच ओळ आहे. "पान चौदानंतर ठकू कुठे गेली?" हा काही अभिप्राय नाही, प्रश्न आहे. म्हणून घेतला नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

हे आजच लिहायला पाहिजे.

वझरकर सर उंच असतील असं मला वाटलं होतं. ते माझ्या आजोबांएवढेच आहेत, खांद्याला कापडी पिशवी. मी पाच अभिप्राय वाचले. प्रत्येकाला टाळ्या पडल्या. सर मान खाली घालून ऐकत होते. दर "छान"ला मान आणखी खाली जात होती. किती नम्र आहेत, असं मला वाटलं.

मग ते उठले आणि म्हणाले, "तुम्ही लय गोड बोललात. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा."

आणि बबिता उभी राहिली.

"सर, पान चौदानंतर ठकू कुठं गेली?"

मुख्याध्यापक सर खुर्चीत पुढं सरकले. "बाळ, बस खाली, नंतर विचार." पण वझरकर सरांनी हातानं त्यांना थांबवलं.

"ऊसतोडीला गेली," ते म्हणाले.

"ते वाचलं. तिथं काय केलं तिनं?"

सरांनी खांद्यावरची पिशवी काढून टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि आमचा बाक आत जावा.

"मला माहीत नाही," ते शेवटी म्हणाले. "मी कधी गेलोच नाही तिकडं. माहीत नसलेलं लिहायला हात धजला नाही, म्हणून तिला तिथंच सोडून आलो."

"मंग विचारायचं व्हतं की. आमच्या एका वर्गातून सहा जण जातेत." बबिता अजून उभीच होती. "तुमी ठकूला सोडलं, म्हणून त्या कुंदाला हसवायला कुणी राहिलंच न्हाई. एकटीच भाषणं करत बसली बिचारी."

सगळा हॉल हसला. सर तर सगळ्यात जास्त हसले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, "तीन पुस्तकांनंतर माझे लय सत्कार झाले. प्रत्येक जण म्हणायचा, आता मुलांवर संस्कार होतील असं लिहा. मी लिहिलं. छापायला दिलं त्या दिवसापासून मला कळत होतं की यात काहीतरी मेलंय. काय ते कळत नव्हतं. भेटेल तो छानच म्हणत होता."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. तरी माझे कान तापले.

"ठकू तिथं काय करते, तू सांगशील मला?" त्यांनी बबिताला विचारलं.

"मला काय माहीत," बबिता म्हणाली, आणि हॉल पुन्हा हसून फुटला. ती का लाजली ते मला नीट कळलं नाही.

ठरलं असं की बबिता लिंबाजीकाकांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, मोबाईलवर आवाज भरून मला पाठवणार. मी ते वहीत उतरवून सरांना पाठवायचं. सर बबिताला म्हणाले, "लिहायला तुला सवड मिळायची नाही, पण बोलायला मिळेल."

जाताना मी पाया पडले. ते म्हणाले, "तुझी मैत्रीण फार धीट आहे गं. जप तिला."

मी हिमतीनं सांगितलं, "सर, 'मी दोनदाच हसलो' असं होतं. मी 'दोनदाच' शब्द काढला होता."

"कळलं मला," ते म्हणाले. "तो शब्द माझ्या लय उपयोगाचा होता."

२५ ऑक्टोबर, शनिवार

बबिता गेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पीठ, भांडी, शेळी, चूल आणि सगळ्यात वर ती. छबूमावशींनी, म्हणजे तिच्या आईनं, माझ्या गालाला हात लावला. बाकावर दप्तर पसरून बसायला आता भरपूर जागा आहे. नको आहे मला ती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला निरोप आला! मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज येतोय. तिच्याच शब्दांत उतरवते.

"ठकूच्या गाडीला मुकादमानं दिलेला एक बैल हाय. बसला की उठतच न्हाई. मारलं तरी न्हाई. मंग ठकूनं त्याचं नाव हेडसर ठेवलं. सकाळी त्याच्या कानापाशी जाऊन हात जोडून म्हणाली, सर, घंटा झाली. बैल उठला! आता सगळा फड त्याला सरच म्हणतो. मुकादम बी म्हणतो, सर, चला, कारखान्याचा टाइम झाला."

ऊस तोडायच्या रानाला फड म्हणतात. मी इतकी हसले की आई अंगणवाडीची रजिस्टरं सोडून बघायला आली. सिद्धोधनला ऐकवलं. त्यानं हातावरच टिंबं काढली.

३० नोव्हेंबर, रविवार

"ठकूनं शाळा काढली. पटसंख्या तीन. मोठं पोरगं अडीच वर्षांचं, धाकटं रांगतं. मोठी माणसं ऊस तोडायला गेली की ठकू बाई होते. हजेरी रोज शंभर टक्के, कारण तिन्ही पोरांचे पाय लुगड्यानं खांबाला बांधलेत. तपासणीला साहेब आले तर म्हणतील, एवढी शिस्त आमी कुठंच पाहिली न्हाई."

मला हे हेडसरापेक्षाही आवडलं. वझरकर सरांना टाइप करून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "मंजुषा, मी तीस वर्षं लिहितोय. असं वाक्य मला एकदाही सुचलं नाही. पण पाय का बांधतात ते तिला विचार."

विचारलं. बबितानं एवढंच सांगितलं, "ट्रॅक्टर मागं घेताना दिसत न्हाईत ना बारकी पोरं."

मी ते वहीतल्या मजकुरात घेतलं नाही, कारण त्यात गंमत नव्हती. सरांनी परत मागून घेतलं.

२१ डिसेंबर, रविवार

तीन आठवडे काहीच नाही, आणि आज इतका भारी भाग! ठकूला पाहायला पाहुणे आले!

"पाहुण्यांनी विचारलं, पोरी, सैपाक येतो का? ठकू म्हणाली, मला काय माहीत. चहात साखरेच्या जागी मीठ घातलं. नवरदेवाच्या मामानं एक घोट घेतला आन् म्हणाला, वा, चहा बेस हाय. तवा ठकूला कळलं, हे लोक मीठ बी गोड मानून घेणार. संक्रांतीनंतर बार उडवायचा म्हणतेत."

बार उडवणे म्हणजे लग्न लावणे. मी हसून लोळले. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांगच्या रांग पाठवली आणि विचारलं, मग पुढं? ठकू कशी निसटते?

खूप वेळानं उत्तर आलं. या वेळी घुंगरं नव्हती, काहीच आवाज नव्हता. "मला पुढलं सुचंना, मंजे. कुंदाला विचार."

आता कुंदा काय करील बरं? मी पाच सहा युक्त्या लिहून काढल्या. एकीत हेडसर मांडव खातो. सगळं सरांना पाठवलं.

२२ डिसेंबर, सोमवार

काही कळत नाही. वझरकर सर आज सकाळच्या पहिल्या गाडीनं शाळेत आले. दाढीसुद्धा केली नव्हती. माझ्या युक्त्यांबद्दल एक शब्द नाही. हरिओम सरांबरोबर दार लावून बोलले, मग दोघं आईच्या अंगणवाडीत गेले. मी पाठोपाठ गेले तर आईनं मला बाहेर काढलं आणि विचारलं, "बबिताची जन्मतारीख माहीत आहे का गं?"

मी सांगितली. पंधरा वर्षं पूर्ण व्हायला अजून महिना आहे.

"कशाला पाहिजे?" मी विचारलं.

आईनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी लहान पोरगी आहे. "ठकू गोष्टीतली आहे, मंजू. पाहुणे गोष्टीतले नाहीत."

मी घरी येऊन तो निरोप पुन्हा ऐकला. पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकला.

मी त्यावर हसणारे चेहरे पाठवले होते.

२३ डिसेंबर, मंगळवार

आई, हरिओम सर आणि वझरकर सर भाड्याच्या जीपनं सोलापूरच्या पुढं गेले आहेत. मला नेलं नाही. बाबा म्हणाले, जेव. मी जेवले नाही. बबिताला फोन लावावा का? काय बोलू? लिंबाजीकाकांनीच उचलला तर? लावला नाही. मी बबिता असते तर लावला असता.

२६ डिसेंबर, शुक्रवार

बबिता आली! आमच्या घरात, माझ्या खोलीत झोपली आहे. शाळा सुटून मी घरी आले तर ओसरीत बसून भाकरी खात होती. हातांना पाचटानं कापल्याच्या रेघाच रेघा. मी माफी मागणार होते, सकाळपासून वाक्यं पाठ केली होती. तोंडातून निघालं ते, "मला कळलंच नाही गं."

"तुला कळायलाच पाहिजे असं थोडंच हाय," ती म्हणाली. "तू लिहीत व्हतीस. पुढं पाठवत व्हतीस. बाप फोन माझ्याजवळ बसूनच देत व्हता, मंग दुसरं कसं सांगू?"

म्हणजे तिनं हे ठरवून केलं होतं. वडील शेजारी बसून ऐकत असताना. ते हसत असताना. मी वझरकर सरांना सगळ्यात मोठे लेखक समजत होते. आता माझ्या मनात तो नंबर बदललाय, आणि तो सरांनाही मान्य असेल.

तिकडं काय झालं ते आईकडून थोडं थोडं काढून घेतलं. लिंबाजीकाका आधी चिडले. म्हणाले, "आमी दोघं दिवसभर फडात. ही जवान पोरगी कोपीत एकटी. काही झालं तर तुमी येणार का? लग्न झालं म्हंजे फिकीर मिटती." हरिओम सरांनी कायदा सांगितला, पण आई म्हणते, कायद्यानं ते गप्प झाले, तयार नाही झाले. मग आई म्हणाली, "दादा, पोरगी माझ्या घरी ठेवा. मंजूच्या शेजारी झोपेल, मंजूबरोबर शाळेत जाईल. फिकीर मी करते." आणि छबूमावशी उठल्या आणि बबिताची पिशवी भरायला लागल्या.

वझरकर सर तिथं फडात फिरले. हेडसराला बघून आले. तीन पोरांच्या त्या शाळेपाशी बसून राहिले. येताना जीपमध्ये त्यांनी बबिताला विचारलं, "पाचवा भाग ठकूचा करायचा आहे. तू सांगायचं, मी लिहायचं, तू तपासायचं. चालेल का?"

"आधी किती चुका करताव ते बघू," ती म्हणाली.

आई हे सांगताना हसत होती आणि डोळेही पुसत होती.

४ जानेवारी, रविवार

सरांनी पहिलं प्रकरण पाठवलं. बबितानं लाल पेनानं अर्धं खोडलं. "ठकू अशी रडत बसत न्हाई," असं एका ठिकाणी. "मुकादम इतका वाईट न्हाई, इतका चांगला बी न्हाई," असं दुसरीकडं. मी घाबरत घाबरत फोटो काढून पाठवले. सरांचा फोन आला. "मंजुषा, तिला सांग, मी इतका आनंदात कित्येक वर्षांत नव्हतो."

ते खरं वाटलं मला, कारण आवाजाच्या मागं त्यांच्या घरातलं कुणीतरी हसत होतं.

पण बबिता दिवसभर फोनकडंच बघत होती. तिनं निघताना वडिलांकडं पाहिलं नव्हतं आणि त्यांनी तिच्याकडं. दहा दिवस झाले, फोन छबूमावशींचाच येतो, तोही शेजारणीच्या मोबाईलवरून.

११ जानेवारी, रविवार

आज दुपारी मोबाईल वाजला. लिंबाजीकाकांचा नंबर. मी आईला हाक मारली. आई म्हणाली, उचल. बबिता ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती.

मी स्पीकरवर टाकला. पलीकडं खूप माणसं होती. कुणीतरी खोकत होतं, बारकं पोरगं रडत होतं, भांडी वाजत होती.

"मंजुषा, बाई, मी लिंबाजी," काका म्हणाले. "बबी हाय का तिथं?"

"आहे काका. ऐकतीये."

काका म्हणाले, "आज कारखाना बंद हाय. सगळे रिकामे बसलेत. ही माणसं माझा जीव खायलीत, तुझ्या पोरीनं गोष्ट अर्धीच ठिवली म्हणून." मग म्हणाले, "मला बी ऐकायची हाय."

बबिता खांब सोडून माझ्याजवळ आली.

"मिठाचा चहा पेलेला तो मामा," काका म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज खाली आला, "त्याला ठकूच्या बापानं काय सांगितलं?"

बबितानं माझ्या हातातून मोबाईल घेतला. दोन्ही हातांनी धरला.

"ते तुमीच सांगा, दादा," ती म्हणाली. ती वडिलांना दादा म्हणते.

मग लिंबाजीकाका खाकरले. "बापानं सांगितलं, पोरगी शाळेत गेली. चहा पेलात, आता वाटंला लागा."

तिकडं इतका हशा उठला की आमच्या ओसरीतली चिमणी उडाली. बबिताही हसली, आणि हसता हसता खाली बसली, आणि पदराला नाक पुसत माझी आईही बसली.

"मंग?" कुणीतरी बाई पलीकडून ओरडली. "मंग काय झालं गं?"

"थांबा, थांबा," लिंबाजीकाका म्हणाले, "आधी बैलाला सावलीत बांधू द्या. मंग सांगंल ती पुढलं."

आम्ही थांबलो.